चौथ्या मजल्यावरचा गारवा

६ एप्रिल २००३, रविवार
मिलिंदने एसी बसवला एकदाचा. खिडकीतला. आमचा मजला शेवटचा, वर नुसता स्लॅब. विरारचं ऊन दिवसभर त्याच्यावर पडून. छोटीच्या मानेवर, पाठीवर घामोळ्या. झोप नाही नातीला. सून म्हणाली, "आई, याने फरक पडला नाही तर मी तिला घेऊन नागपूरला जाते, आईकडे." नागपूरला. उन्हाळ्यात. गारव्याला. तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. कढई घासायला घेतली.

८ एप्रिल
एसी सकाळपासून घरघरतोय. खोली जेमतेम गार. मागून पाणी टपकतं, खालच्या बाईंची तक्रार आली म्हणून नळी लावून बादली ठेवली. हे मीटरसमोर खुर्ची टाकून बसतात. "पळतोय बघ, पळतोय." म्हटलं, पकडा मग.

१० एप्रिल
विहीणबाई आल्या नागपूरहून. नातीला बघून डोळ्यात पाणी. दुपारी मिलिंदला घेऊन स्टेशनजवळ गेल्या नि कूलर घेऊन आल्या, वाळ्याच्या ताट्यांचा. एसीच्याच खोलीत लावला. "आमच्याकडे तं याच्याशिवाय उन्हाळा निघत नाही, विहीणबाई." वास छान येतो, खरं सांगायचं तर. एसी आणि कूलर दोन्ही चालू, म्हणजे डबल गार. मलाही पटलं.

१२ एप्रिल
कसलं डबल. गादी दमट. कपाटावरचे पापड वातड. छोटीच्या घामोळ्या पोटावर उतरल्या. सगळं चिकचिक, आणि एसीची बादली सारखी भरतेय. उचलून कंबर गेली माझी.
दुपारी कूलर बंद केला. संध्याकाळपर्यंत बादली अर्धीसुद्धा नाही. चौथी शिकले मी, पण एवढं कळतं. नागपूरची हवा कोरडी, तिथे पाणी घालावं लागतं. आमच्याकडे समुद्र इथे कळंबला, हवाच ओली. कूलर पाणी घालतो, एसी बिचारा ते काढत बसतो, मग गार कधी करणार?
विहीणबाईंना तसंच सांगितलं. जरा जोरात झालं. "पोरीसाठीच आणला होता हो," म्हणाल्या आणि गॅलरीत जाऊन बसल्या. चहा नेऊन दिला. घेतला. पाठ करूनच.

१५ एप्रिल
दिवे लागायच्या वेळी स्टुलावर चढून छताला हात लावला. तवा. हे आपल्या डोक्यावर असताना मशीन काय करणार. माहेरी होळी गावात, वाडीत नवं रोप लावलं की आम्ही झावळ्यांची सावली करायचो. मग स्लॅबला का नाही? भाऊला फोन केला.

१७ एप्रिल
भाऊ टेम्पोत झावळ्या घेऊन आला होळीहून. चार जिने चढून, "ताई, आधी पानी दे, मग काय ती सावली."
सेक्रेटरी वर आले. "टेरेस सगळ्यांची आहे, वहिनी."
"मग ऊनपण सगळ्यांनी वाटून घ्या. आमच्याच डोक्यावर का?"
हसले नि गेले. लेखी काही दिलं नाही, बरं झालं.
आधी चुना मारायचा, मग वर झावळ्या. मी एकटीच वाकले होते, तर विहीणबाई पदर खोचून आल्या, दुसरा ब्रश उचलला. चुना ओढता ओढता म्हणाल्या, "खोटं काहून बोलू. घामोळ्या नसत्या तरी मी न्यायलाच आली असती. घर खायला उठते मला."
मी म्हटलं, "मलाही उठेल."
कोपरा त्यांनी चांगला केला, माझ्यापेक्षा.

२० एप्रिल
पश्चिमेच्या काचेवर बाहेरून गोणपाट सोडलं. घर दुकानासारखं दिसतं, मिलिंद म्हणतो. दिसू दे. दाराखालच्या फटीत माझं जुनं लुगडं. एसी अगदी कमी गारव्यावर आणि डोक्यावर पंखा. पुरतं. मधे मधे मशीन आपणहून गप्प बसतं. पहिल्यांदा बसलं तेव्हा वाटलं बिघडलं. हे मीटरवरून उठले. "चालतोय आता. पळत नाही." आज पेपर वाचला त्यांनी.

२३ एप्रिल
छोटी दुपारभर झोपली. मूठ उघडी ठेवून. आम्ही दोघी आज्या दारात उभ्या, आत कुणी जाईना.
घामोळ्या सुकतायत. पण तिकिटं आधीच काढलेली, शनिवारची. सूनबाईचंही. जातेस का, विचारलं नाही मी. विचारलं तर रडेल, आणि मला रडणारं माणूस बघवत नाही.

२५ एप्रिल
उद्या गाडी. विहीणबाईंची बॅग भरून दारात. मी लाडू दिले, त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला जरा वेळ. सूनबाईने तिची बॅगही माळ्यावरून काढली, पुसली, पलंगावर उघडी ठेवली. आत अजून काही नाही. छोटीची दुपटी दुपारीच वाळली, गॅलरीत दोरीवर आहेत. सूनबाई दोनदा गॅलरीत गेली, रिकाम्या हातानेच परत आली.
मी काही ती दुपटी काढणार नाही.