खडा दाढेखाली येतो

प्रिय ताई,

म्हण अजून एकदा. पळपुटी म्हण, आपमतलबी म्हण, काल जिन्यात जे जे म्हणालीस ते सगळं परत म्हण, पण आधी दाराला कडी लाव आणि पलंगावर बस. तू म्हणालीस, तुला काय, तू सुटलीस. मी उत्तर दिलं नाही, कारण खाली भावजी गाडी धूत होते आणि पाण्याचा आवाज मधेच थांबला होता. तुझ्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. नळी हातात धरून माणूस पाणी बंद करतो तेव्हा तो गाडी धूत नसतो. म्हणून मी मोठ्यांदा हसले आणि म्हणाले, ताई, उद्या बॅग भरायला वर ये, तुझ्याशिवाय माझ्या बॅगेची चेन लागायची नाही. तू असं बघितलंस माझ्याकडे की मी मेलेच. तर आता आलीच आहेस. बॅग भरलेली आहे, टेबलाखाली. लगेच उघडू नकोस, आधी हे वाच. आणि वाचताना बडबडू नकोस, तुला ओठ हलवून वाचायची सवय आहे.

तुला वाटतं हे खूळ माझ्या डोक्यात असंच शिरलं. एकटीने, युरोपातल्या एवढ्या मोठ्या शहरात, तेही काटकसरीत. घरात केवढी करमणूक झाली. आई फोनवर म्हणाली, इथल्या इथे रस्ता चुकणारी तू, तिकडे कोण आणून सोडणार तुला घरी. तू नुसती ताटं गोळा करत राहिलीस. भावजींनी तेवढी टाळी दिली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मेव्हणीबाईंची सहल ठरवायला बसले. स्वस्तातलं हॉटेल त्यांनीच शोधलं. जवळच आपल्या दातांच्या लॅबला भट्ट्या पुरवणारा डीलर राहतो म्हणाले, तो रोज येऊन डोकावून जाईल, काळजी नको. मी मान डोलावली. त्यांच्यासमोर ते हॉटेल बुक केलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये हातमोजे घालता घालता रद्द करून टाकलं. ते शहरही वेगळं आहे, ताई. खरं कुठलं ते या कागदावर लिहीत नाही, कागद कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. तुला ते कळेलच. लहानपणी आपण कॅलेंडरवरचं चित्र फाडून कपाटाच्या आत चिकटवलं होतं, नदी आणि ओळीने पूल, तेच.

आता मी काय काय शिकले ते ऐक. तुला कशाला, असं म्हणू नकोस, ऐक नुसतं. स्वस्त राहायचं तर फक्त बायकांची खोली असलेलं हॉस्टेल घ्यायचं, आणि पलंग खालचा मागायचा, भिंतीकडचा. कुलूप आपलं आपण न्यायचं. विमानतळावरून टॅक्सी करायची नाही, लुटतात, तळघरातून सरळ गाडी जाते, हिरव्या पट्टीच्या मागे मागे चालत राहायचं. तिकीट मशीनवर काढायचं आणि उतरेपर्यंत जपायचं. पाणी विकत घ्यायचं नाही, नळाचं चालतं. दुकानं बंद व्हायच्या सुमाराला गेलं की पाव निम्म्या भावात मिळतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठमोठी संग्रहालयं फुकट असतात, आत ऊब असते, बाकं असतात, दिवसभर बसलं तरी कुणी उठवत नाही. कोणी गोड बोलून सही मागायला आलं तर थांबायचं नाही. रस्ता चुकला तर रस्त्यात उभं राहून इकडेतिकडे बघायचं नाही, दुकानात शिरायचं आणि तिथल्या बाईला विचारायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकटं जेवायला लाजायचं नाही. मला वाटायचं हेच सगळ्यात अवघड असेल. मग आठवलं, तू तर कित्येक वर्षं एकटीच जेवतेस, ते उठून गेल्यावर.

भावजींच्या लॅबमध्ये माझी जागा तुला माहीत आहे, खिडकीपाशी. डॉक्टरांकडून तोंडाचं माप येतं, त्यात प्लास्टर ओतलं की दातांची कवळी पांढरीशुभ्र समोर उभी राहते, आणि जो दात नाही तो मी मेणाचा कोरून द्यायचा. कॉलेजात मी कविता पाडत होते, आता दात पाडते, असं भावजी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. पुढचे दात माझ्याकडे, दाढा पॉलिशवाल्या काकांच्या शेजारच्या मुलीकडे. प्रत्येक ट्रेमध्ये चिठ्ठी असते, पेशंटचं नाव, दाताचा रंग. हिवाळ्याच्या आधी एक ट्रे आला, त्यात नाव नव्हतं. नुसतं ‘अर्जंट’, भावजींच्या अक्षरात. तेव्हा तू सर्दी आहे म्हणून खोलीतून बाहेर येत नव्हतीस, आठवतंय? दाराआडून म्हणालीस, जवळ येऊ नकोस, तुला लागेल. मी वर माझ्या खोलीत गेले, आणि दुसऱ्या दिवशी तो साचा हातात घेतला.

ताई, माणूस एक काय विसरतो बघ. त्यांनी नाव काढलं, चिठ्ठी बदलली, ओळखीच्या डॉक्टरकडून माप आणलं, सगळं केलं. फक्त ट्रे आपल्या पायाने माझ्या टेबलावर येणार हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तरी वाटलं असेल, प्लास्टर ते प्लास्टर. त्यांना सगळी तोंडं गिऱ्हाइकाची. पण डावीकडचा तो तिरका सुळा मी कुठेही ओळखेन. रंगपेटीवरून भांडलो होतो तेव्हा तू माझ्या दंडाला कडकडून चावली होतीस, आणि आईला कळू नये म्हणून मी कितीतरी दिवस लांब बाह्यांचं घालून फिरत होते. तो ठसा मी आरशात रोज बघायचे. आता समोर तेच तोंड होतं, पांढरं, उघडं, आणि वरचा मधला दात अर्धा नव्हता. मोडला होता तो तिरका, पुढून मागे. शेजारचा दात धड होता पण आत ढकललेला. मी तुला नंतर विचारलं, नवा दात केव्हा बसवलास, तर म्हणालीस घासात खडा आला. मी म्हणाले अगंबाई. ताई, मी रोज हेच बघते. खडा दाढेखाली येतो. पुढच्या दाताने कुणी घास चावत नाही. आणि चावताना मोडलेला दात शेजारच्याला आत ढकलत नाही.

तुझ्या तोंडातला तो दात मी कोरलाय. इतका मन लावून मी काहीच कोरलं नव्हतं. भावजींनी उजेडात धरून बघितला, खूश झाले, माझ्या पाठीवर थाप मारली. यापुढे त्यांना ‘ते’ लिहायला माझा हात वळत नाही, तर राग मानू नकोस.

मग मी बघायला लागले. तुमच्या खोलीची आतली कडी नाही, नुसती भोकं आहेत, चार, पुट्टी भरून त्यावर रंग दिलाय. तुझा फोन वाजला की तू आधी त्याच्याकडे बघतेस. लॅबमध्ये तो दुपारी मोबाईल उघडतो, घरातला कॅमेरा लावतो आणि तू ओट्यापाशी उभी असलेली बघत बघत चहा पितो. एकदा मला दाखवून म्हणाला, बघ, तुझी बहीण कशी गुणाची. आवाज कधी चढत नाही त्याचा. चढला असता तर शेजारीपाजारी तरी आले असते. आणि त्या दिवशी, माझं जायचं पक्कं झालं म्हणून तुम्ही मला जेवायला घातलंत तेव्हा, हात धुऊन टॉवेलला पुसता पुसता तो काय म्हणाला ते तुला आठवत असणार, कारण तुझ्या हातातला चमचा पडला. “माणूस कुठेही जाऊ दे, मेव्हणीबाई. दातांवरून ओळखू येतोच.” सगळे हसले. मीपण हसले. तो माझ्याशी बोलत होता पण बघत तुझ्याकडे होता.

आईला सांगावं असं मनात आलं होतं. मग मागच्या वेळचं आठवलं. तू माहेरी गेलीस, आईने तुझं डोकं चोळून दिलं, आणि दिवस मावळायच्या आत तो दारात हजर, हातात मिठाईचा पुडा, बाबांच्या पाया पडतोय. आई म्हणाली, भांड्याला भांडं लागतंच, आणि तुझी पिशवी स्वतः भरून दिली. त्यानंतर तुला कधी माहेरचं नाव काढताना ऐकलं नाही. इथे कुठेही गेलीस, माझ्या मैत्रिणीकडे, मावशीकडे, कुठल्याही गावाला, तरी तो संध्याकाळपर्यंत हसत दारात येऊन उभा राहील आणि सगळे त्याला आत या म्हणतील. मला असं ठिकाण हवं होतं जिथे तो संध्याकाळपर्यंत पोचू शकणार नाही. माझी सहल तिथून सुरू झाली, ताई. आता बॅग उघड.

कपडे तुझे आहेत. मी थोडे थोडे वर आणत होते, धुवायचे म्हणून, आणि तू मला कामचुकार म्हणत होतीस की वाळलेले परत देत नाही. स्वेटर माझा आहे, तो तुला आखूड होईल, चालवून घे. आतल्या कप्प्यात तुझा पासपोर्ट आहे. तिकडच्या दातांच्या सामानाच्या प्रदर्शनाला तुम्ही दोघं जाणार होतात तेव्हा तुला लांब मुदतीचा व्हिसा मिळाला होता, मग आयत्या वेळी तो एकटाच गेला, तो व्हिसा अजून जिवंत आहे. पासपोर्ट त्याने लॅबमधल्या सोन्याच्या कपाटात ठेवला होता, हरवेल म्हणून, आणि सोन्याचे दात करायचे असले की त्या कपाटाची किल्ली तो माझ्याकडे देतो. रोज संध्याकाळी कुलूप लावताना तू शिवलेल्या त्या निळ्या कापडी कव्हरवर तो बोट टेकवतो. आजही टेकवेल. कव्हर तिथेच आहे. त्याच्या आत माझा पासपोर्ट आहे. त्यामुळे मी कुठेच जाऊ शकत नाही, आणि हे मी मुद्दाम केलंय, नाहीतर शेवटच्या क्षणी तू म्हणाली असतीस, तूच जा, मला नाही जमणार. तिकीट पहिल्या दिवसापासून तुझ्याच नावावर आहे. हॉस्टेलचा खालचा पलंगही. तिथे स्टेशनवर टकळी येईल, कॉलेजातली माझी, जिच्या बोलण्याने तुझं डोकं दुखायचं. यावेळी दुखू दे.

त्याला सांगितलंय की विमान रात्रीचं आहे. ते दुपारचं आहे. टॅक्सी मागच्या गल्लीत थांबेल, चालवणारी बाई आहे, तिला माझं नाव सांग. तुझा फोन माझ्या उशीखाली ठेव, बंद करू नकोस, तो फोन कुठे आहे ते बघत असतो आणि त्याला वाटू दे तू अजून माझी बॅग भरतेयस. बॅगेत माझा जुना फोन आहे, नवा नंबर घातलेला. हा कागद इथे सोडू नकोस. मोज्यात गुंडाळलेलं जड काहीतरी लागेल हाताला, ते फेकू नकोस. तुझ्या साच्याची नक्कल आहे, दात बसवायच्या आधीची. कधीतरी कुणाला दाखवावी लागेल तेव्हा खडा आला होता असं सांगू नकोस.

मी आता लॅबमध्ये चाललेय. आज धातूचं मोठं काम आहे, आणि भट्टी तापली की तो जागचा हलत नाही, कुणाला हात लावू देत नाही, मोबाईलसुद्धा बाजूला ठेवतो. तेवढा वेळ तुझा. पॉलिशवाल्या काकांना सांगितलंय, आज जरा उशिरा घरी जा. त्यांनी आपलं स्टूल माझ्या टेबलाजवळ ओढून घेतलं. मला काही होणार नाही असं लिहीत नाही, माझं खोटं तू लगेच पकडतेस. तुझं विमान उडालं असं टकळीने तिकडून इंटरनेटवर बघून कळवलं की मूळ साचा मी त्याच्या टेबलावर ठेवणार आहे, भट्टीसमोर, तोंड उघडं. दातांवरून माणूस ओळखू येतो हे त्यालाही कळू दे. तू विचारशील, आणि मग? म्हणूनच तू वर यायच्या आत निघतेय. जिन्यात तुझी पावलं वाजतायत. मी मागच्या दाराने उतरतेय, हाक मारू नकोस.

तुझीच,
बोळकी