तेवीस ओळींचं पत्र

सोमवार, ता. ३

हो म्हणून बसलो! जीभ हासडून टाकावी असली.

जुन्या कागदांच्या कचेरीतल्या बाई आज घरी आल्या होत्या. आमच्या पेपरातले ते भानगडी खणून काढणारे बातमीदार. वारले त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्या घरच्यांनी त्यांची खासगी पत्रं आणि कात्रणं चौदा खोक्यांत भरून कचेरीला दिली आहेत. कात्रणं छापील, ती कोणीही वाचेल. पत्रं मात्र कोणाच्या बापाला लागत नाहीत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!

"काका, ते अक्षर वाचणारे तुम्ही एकटेच उरलात," बाई म्हणाल्या.

खरं आहे. छापखान्यात त्यांचा मजकूर अक्षरांचे खिळे जुळवायला माझ्याच पुढ्यात यायचा. मी चौथी नापास. पण एम. ए. झालेले उपसंपादक माझ्या खांद्यावरून वाकून विचारायचे, "अरे, हे काय लिहिलंय?"

तेवढ्यावर फुगलो. हो म्हटलं. मग बाई म्हणाल्या, जरा घाई आहे. प्रूफं तपासणाऱ्या अण्णांच्या मुलीनं अर्ज केलाय. बातमी फोडल्याचा ठपका ठेवून अण्णांना काढलं होतं, त्याबद्दल पत्रांत काही आहे का, ते तिला बघायचंय.

चहा अर्धा टाकून उठलो, खिडकी लावून घेतली. सूनबाई म्हणाली, "बाबा, थंडी वाजतेय का?"

बुधवार, ता. ५

पहिला दिवस. शाईचं पेन दारातच काढून घेतात. आत फक्त पेन्सिल. खुर्ची बरी आहे, पण पाठीमागे दार! कोण आलं-गेलं दिसत नाही. मला ते आवडत नाही.

मी वाचायचं, बाईंनी लिहायचं. त्यांची एक पद्धत आहे. पत्रात ओळ जिथे तुटते तिथेच नकलेत तोडायची, आणि शेवटी ओळी मोजून दोन्हीकडचा आकडा कोपऱ्यात टाकायचा. आम्ही छापखान्यात एवढे काटेकोर नव्हतो.

पत्रं बायकोला लिहिलेली. ती परगावी शाळेत शिकवायची. आज सगळं घरगुती. पंखा बिघडला, मुलीला खोकला झाला. बाई हसल्या. "मंत्री ज्यांना टरकायचे, त्यांचं मोजे हरवल्याबद्दल दीड पान!" मीही हसलो. हसता हसता खालच्या पत्राची तारीख बघत होतो.

गुरुवार, ता. ६

जावंसं वाटत नव्हतं. जेवलो नाही. गेलो मात्र. न जाऊन कसं चालेल? दुसऱ्या कोणाला वाचता आलं तर?

शनिवार, ता. ८

लिहूनच टाकतो. वही गादीखाली असते. सूनबाई गादी झाडते, पण वाचणारी नाही. नसावी.

एक्केचाळीस वर्षं झाली. सरकारी दवाखान्याला औषधं पुरवणारा एक ठेकेदार होता. मुदत संपलेल्या बाटल्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवायचा. बातमीदारांनी ते शोधून काढलं. बातमी बुधवारी पहिल्या पानावर यायची होती. मंगळवारी दिवसभर मी ती जुळवली.

ताईचे यजमान, आमचे दाजी, त्याच ठेकेदाराकडे ट्रक चालवायचे. ताईला तेव्हा सातवा महिना. छापा पडेल, दाजी नाहक आत जातील, दुसरं काही सुचेना. मंगळवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "दाजी, उद्या कामावर जाऊ नका. पेपरात येतंय." त्यांनी मान हलवली. म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस."

बुधवारी अधिकारी गेले तर गोदाम धुतल्यासारखं स्वच्छ! एक बाटली नाही. पेपरला माफी छापावी लागली. आणि मग फितूर कोण, याचा शोध. शेवटचं प्रूफ अण्णांच्या हातात होतं. अण्णांना काढलं. मी तिथेच उभा होतो, हातात खिळ्यांची पट्टी. तोंडातून शब्द फुटला नाही.

मला वाचायला अण्णांनीच शिकवलं होतं. शाळेत जे आलं नाही ते त्यांच्या टेबलाशी आलं.

दाजी गेले. ताई शहात्तर वर्षांची आहे. तिच्या नवऱ्याचं नाव आता असं बाहेर काढू? आणि माझं? नातवंडं काय म्हणतील?

सोमवार, ता. १०

सापडलं.

पाचवं खोकं, पेपरच्या माफीनंतरच्या आठवड्यातलं पत्र. एरवी वाचतो तसा वाचत होतो. अकराव्या ओळीवर नजर गेली. लिहिलं होतं — "बिचाऱ्या प्रूफवाल्यानं काही केलेलं नाही, हे मला पक्कं माहीत आहे."

पक्कं माहीत आहे! म्हणजे माझंच नाव त्यांना ठाऊक होतं. हे बाईंनी लिहून घेतलं की पुढचा प्रश्न, मग कोणी केलं? आणि पुढच्या पत्रात उत्तर असणारच.

डोळा बारावीवर टाकला आणि वाचत सुटलो. कंपोझिटरची ही जुनी खोड, नजर घसरते आणि ओळ गळते. आमच्यात पुष्कळांची गळायची. माझी कधी गळली नव्हती. आज हातानं गाळली.

बाईंनी शेवटी मोजलं. पुन्हा मोजलं. "काका, पत्रात तेवीस आहेत. माझ्याकडे बावीसच भरताहेत."

"खाडाखोड आहे तिथे," मी म्हटलं. "काही लागत नाही."

त्यांनी पत्र उजेडात धरलं. खाडाखोड कुठे होती? कोरीकरकरीत ओळ! नकलेच्या समासात बाईंनी पेन्सिलीनं एक टिंब दिलं.

ते टिंब!

मंगळवार, ता. ११

बाईंनी तक्ता केलाय. डावीकडे छापील अक्षर, उजवीकडे कोंबडीचा पाय. 'म' म्हणजे आडवा पडलेला आठ, 'त' म्हणजे मोडकी काडी. माझ्याचकडून एकेक विचारून केला, मला कळलंही नाही.

"काका, महिन्याभरात तुमची गादी बळकावते बघा!"

"खुशाल," म्हटलं. आणि पाचव्या खोक्यातली उरलेली पत्रं मोजली.

गुरुवार, ता. १३

अण्णांची मुलगी आली. साठीची. चष्मा नाकावर ओढून वरून बघायची लकब थेट अण्णांची. मला वाकून नमस्कार केला. मला!

म्हणाली, पुन्हा एकाही छापखान्यानं त्यांना उभं केलं नाही. शिकवण्या करून घर चालवलं. पण रोज सकाळी पेपर घेऊन बसायचे आणि लाल पेन्सिलीनं चुका काढायचे. शेवटपर्यंत. "आई म्हणायची, अहो, कोणी मागितलंय का? तर म्हणायचे, मागायला कशाला हवं, चूक दिसतेय ना!"

मी विचारलं, कोणावर संशय होता का त्यांचा?

"कधीच कोणाचं नाव घेतलं नाही. तुमचं मात्र घ्यायचे. म्हणायचे, त्या पोराला मी शिकवलं. त्याची एक ओळ कधी गळली नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पाचवं खोकं टेबलावरच होतं.

मी पत्र मागून घेतलं आणि अकरावी ओळ वाचली. मोठ्यानं. मग बाकीचंही सांगून टाकलं. मंगळवार, ताई, दाजी, सगळं. काय क्रमानं बोललो आठवत नाही. पाणी कोणी विचारलं नाही.

अण्णांची मुलगी उठली. पर्स उचलली, परत ठेवली. म्हणाली, "आमच्या घरी त्यांच्या फोटोखाली बसून जेवलात तुम्ही. अण्णा गेले तेव्हा. आईनं वाढलं तुम्हाला." आणि बाहेर निघून गेली.

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही आजवर वाचलेलं सगळंच आता पुन्हा तपासावं लागेल. उद्यापासून येऊ नका."

बरोबरच आहे. एक ओळ गाळणाऱ्याचं बाकीचं कोण खरं धरणार?

शुक्रवार, ता. १४

सूनबाईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. चिरायची थांबली नाही. "बाबा, मलाही सांगायला एवढी वर्षं लागली?" एवढंच.

ताईला फोन केला. तब्येत विचारली, ठेवून दिला. पुन्हा केला. पुन्हा तब्येतच विचारली. "अरे, मघाशीच सांगितलं ना, गुडघा दुखतोय!" म्हणून ओरडली.

सोमवार, ता. १७

बाईंचा निरोप आला. पुढचं पत्र तुमच्यासमोर वाचायचंय. या, पण फक्त बसा. तोंड उघडायचं नाही. अण्णांची मुलगी समोर बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती.

बाईंनी तक्ता पुढ्यात घेतला आणि पुढचं पत्र अक्षर अक्षर लावत वाचलं. अडखळल्या की मला उत्तर दिसत होतं, पण ओठ दाबून बसलो. "ठेकेदाराची बाजू विचारायला रविवारी मीच त्याला फोन केला. शहाणपणा नडला. सोमवारी दुपारीच तीन ट्रक भरून माल गेला, गेटवरच्या पहारेकऱ्यानं आज सांगितलं. आता बोललो तर माझंच नाव जाईल. प्रूफवाला गेला, मी गप्प आहे."

सोमवारी दुपारी. मी दाजींना सांगायला गेलो तो मंगळवार. गोदाम तेव्हाच रिकामं होतं. आणि ट्रक चालवणारे दाजी मान हलवत ऐकून घेत होते.

बाईंनी ओळी मोजल्या. बरोबर भरल्या.

अण्णांच्या मुलीनं माझ्याकडे बघितलं. "म्हणजे काका, तुम्ही काहीच केलं नव्हतं?"

तोंड उघडायचं नव्हतं. उघडलं.

"केलं ना, बाळ," म्हटलं. "बातमीदारांनी केलं तेच. गप्प बसलो."