रुमालाची जागा

प्रिय तेजू,

शिव्या घालू नकोस, आधी वाच. फोनच्या जमान्यात या अंबिकेला पत्राचं खूळ कुठून सुचलं, म्हणत असशील. सांगते, पण शेवटी. तू फोन उचलत नाहीस, आणि शिवडीला दारात आले की सून सांगते, आई झोपल्यात. भर सकाळी, मासळी यायच्या वेळेला झोपलेली कोळीण मी तरी आजवर बघितली नाही बाई! तो मेला अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तू ठरवूनच टाकलंयस, पाय ओढतो म्हणजे नाचणं संपलं, आणि नाचणं संपलं म्हणजे घराबाहेर पडणंही संपलं. मला हे मुळीच मान्य नाही.

बातमी ऐक. आपल्या राजेशचं डोकं पुन्हा फिरलंय. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत रविवारी दुपारी स्पीकर लावून आपल्याला ते बिनशब्दांचं, नुसतं धडधडणारं म्युझिक ऐकवायचा ना, तेच आता त्याने परळला पुन्हा सुरू केलंय. गिरणीच्या जागी झालेल्या एका क्लबात, फक्त पन्नाशीच्या पुढच्यांसाठी. संध्याकाळी जेवणाच्या आत सगळे घरी, म्हणजे बीपीची गोळी चुकायला नको. मी जाऊन आले. निम्म्या लोकांच्या गुडघ्याला पट्टे होते, आणि बारवर सगळ्यात जास्त खपली ती सोलकढी.

पण आवाज तोच गं! छातीत पहिला ठोका बसला आणि मला लाकडाच्या भुशाचा वास आला. टायपिंगच्या क्लासला जाते सांगून यायचो आणि भुशाने शिंकून शिंकून बेजार व्हायचो. आई म्हणायची, कसलं मेलं ते टायपिंग, पोरीची सर्दीच जात नाही. तू अबोलीचा गजरा माळून यायचीस. त्या धडधडाटात गजरा घालून नाचणारी अख्ख्या मुंबईत तू एकटीच असशील.

आणि तुझा तो नियम! गोलातून कुणी पाणी प्यायला गेलं की त्याच्या जागी जमिनीवर रुमाल टाकायचा, एसटीच्या सीटवर टाकतात तसा. उचलायचा ज्याचा त्यानेच, तोवर तिथे कुणी पाय ठेवायचा नाही. तर त्या चकचकीत क्लबात मी माझ्या डाव्या बाजूला रुमाल टाकला, तुझ्या नावाचा. तिथला धिप्पाड बाउन्सर आला, अदबीने उचलून माझ्या हातात दिला, मॅडम, गिर गया. मी परत टाकला. त्याने परत उचलला. पुन्हा टाकल्यावर त्याला वाटलं, बाईंना चढली. सोलकढी पिऊन! शेवटी राजेशने म्युझिक थांबवून माइकवर सांगितलं, ती जागा तेजस्वीची आहे, ती यायची आहे. मग सगळे रुमालाला वळसा घालून नाचले. तुला न ओळखणारी माणसं गं, पण कुणी पाय लावला नाही.

मी नाचले म्हणते, पण कसलं काय. वळायची वेळ मला कायम तुझ्या कोपराच्या ढुशीने कळायची. आता ढुशी नाही, तर मी आपली भलतीकडेच वळतेय. घरी येऊन रडले. तुझा रागही आला, आठवणही आली, दोन्हीसाठी रडले.

आता पत्र का, ते. परवा तुझ्या सुनेला, अक्षताला, गल्लीच्या तोंडाशी गाठलं, तेव्हा तिने खरं सांगितलं. पायाचं नुसतं निमित्त, खरी तुझी जीभ अडते. शब्द बोबडे येतात, आणि ते माझ्या कानावर पडू नयेत म्हणून मी आले की तू झोपतेस. अगं वेडे, त्या स्पीकरपुढे आपण कधी बोललो होतो का? बोललो असतो तरी ऐकू कुणाला येणार होतं? आपली मैत्री झाली ती न बोलताच. म्हणून हे पत्र, याला उत्तर द्यायला तोंड उघडावं लागत नाही. लिहूही नकोस. येत्या रविवारी दुपारी टॅक्सी घेऊन येते. काठी घे, खुर्चीत बस, नुसती उभी राहा, मला सगळं चालेल. रुमाल मी टाकणारच आहे. उचलायला मात्र तुलाच यावं लागेल, नियम तुझाच आहे.

तुझीच, तुझ्या उजव्या बाजूची,
अंबिका