नव्वद मिनिटांची कॅसेट

प्रिय दादा,

तर मला त्यातलं काय कळतं, असं तुझं म्हणणं. नेहमीचंच आहे हे. ठरवणार तू, करणार तू, आणि मला नुसतं कळवणार. महिनाअखेरीला दुकान खाली करायचंय, एक शौकीन गिऱ्हाईक त्या दहा रेकॉर्डी एकरकमी उचलतंय, तू तिकडे सुखात राहा, असं लिहिलंयस. सुखात! हॉटेलांच्या चादरी धुण्याच्या कारखान्यात वाफेने माझ्या बोटांची सालं निघाली आहेत. पेन धरवत नाही, तरी लिहितोय.

त्या दहा आपण दोघांनी मिळून निवडल्या होत्या, विसरलास? ऐंशी सालापासून दहा वर्षांत रॉकचे, पॉपचे जेवढे अल्बम दुकानात आले, त्यातले आपले सगळ्यांत आवडते दहा. कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवली होती, नंबर लावून. नावं तू लिहिलीस, मी आपला कव्हरवरून ओळखायचो. पाण्यात अर्ध्या बुडालेल्या मोटारीचा, रिकाम्या खुर्चीचा, तीन बहिणींचा. बहिणींचा मला वर हवा होता, कारण तो लागला की वहिनीसुद्धा पोळपाटावर ठेका धरायची. तू म्हणालास, ड्रम मशीनने वाजवलेत, आठव्याच्या वर जाणार नाही. वहिनी म्हणायची, भाऊ इस्टेटीवरून भांडतात, हे दोघं गोंगाटावरून. पहिल्या नंबरावर तुला खुर्चीवाला हवा होता. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही, तेव्हा कुठे मोटारवाला वर गेला. माझं एकच म्हणणं होतं, तो संपतो कसा ते बघ. गिटार लांब जात जात नाहीशी होते, निरोप न घेता कोणी निघून जावं तशी. असा शेवट दुसऱ्या कोणाला जमलाय?

इथे मशिनं दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. त्याला आम्ही टकलू म्हणतो, तोही ओ देतो. गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडे हाच अल्बम निघाला, कंपनीची छापील कॅसेट. मी तोंड वर करून त्याला त्या शेवटाबद्दल सांगायला लागलो. त्याने घास खाली ठेवला आणि म्हणाला, "अरे, हे तर शेवटून दुसरं. शेवटचं गाणं तू ऐकलंच नाहीस?"

मग त्याने लावलं. ती गिटार नाहीशी होतच नाही, दादा. ती खाडकन थांबते. आणि पुढे सात मिनिटांचं आणखी एक गाणं आहे, नुसता पियानो आणि तो गाणारा, घसा बसल्यासारखा. मोटार पाण्यात कशी गेली ते त्यात आहे. टकलूने अर्थ सांगितला. बाकीचे हसत होते, की हा म्हणे कॅसेटच्या दुकानात वाढला. मी उठून चादरींच्या घड्या घालायला लागलो.

घड्या घालता घालताच ध्यानात आलं. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. रेकॉर्डीवरून भरताना एका बाजूवर एक अल्बम बसवायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला एका कॅसेटीत दोन मिळतात आणि समोरच्या दुकानापेक्षा आपण स्वस्त पडतो. जो बसत नाही त्याचं शेवटचं गाणं गाळायचं, आणि त्याच्या आधीच्याचा आवाज बटणाने हळूहळू उतरवायचा, म्हणजे संशय नको. काय सफाई होती तुझ्या हाताला! मी शेजारी बसून पेन्सिलीने कॅसेटी गुंडाळायचो आणि तुझ्या बोटांकडे बघायचो. मला वाटायचं, गाणं उतरत चाललंय म्हणून तू बटण धरलंयस.

गिऱ्हाइकांना फसवलंस, तो धंदा झाला. मला का तीच कॅसेट दिलीस? रेकॉर्डींना हात लावायचा नाही, सुई झिजते, म्हणायचास. सातवीतून उठवून मला दुकानात बसवलंस, तेव्हा म्हणाला होतास, शाळेत शिकवत नाहीत ते इथे शिकशील. एवढी वर्षं मी अर्धवट ऐकून तुझ्याशी भांडलो, आणि तू सगळं ठाऊक असून माझ्याशी नंबरावरून वाद घातलास. पोटातल्या पोटात हसत होतास का रे? मला ती परकी अक्षरं वाचता येत नव्हती, कबूल. पण कव्हरच्या मागे गाण्यांची नावं छापलेली असतात, एका गाण्याला एक ओळ, आणि ओळी मोजायला काही शाळा लागत नाही. मी कधी मोजल्या नाहीत. तू होतास ना, म्हणून.

तर वीक. मी अडवणारा कोण? घरखर्चाचे पैसे दर महिन्यासारखे वहिनीच्या नावावर गेले आहेत, त्यांचा याच्याशी संबंध नाही. हे पत्र एका कामापुरतं आहे. तो माणूस रेकॉर्डी न्यायला येण्याआधी दहाच्या दहा मला भरून दे. एका कॅसेटीत एकच अल्बम, दोन्ही बाजू वापर, आणि बटणाला हात लावू नकोस. गाणी संपून टेप उरली तर उरू दे, मी ती रिकामी ऐकेन. कोऱ्या कॅसेटी आणि तुझी मजुरी धरून एकीचे पंचाहत्तर, म्हणजे गिऱ्हाइकाला लावतोस तोच दर. घरचा म्हणून एक पैसा कमी केलेला नाही. मनीऑर्डर आजच केली, साडेसातशेची.

तुझाच,
धाकटा