सूनबाईच्या चॅटची मॉनिटर

सोमवार, ३ मार्च

आज मला नोकरी लागली! बिनपगारी. सूनबाई दुपारी चार ते सहा कॉम्प्युटरवर धडाधड गोळ्या झाडते आणि सहाशे लोक कामधंदा सोडून ते थेट बघतात. बघता बघता बाजूच्या चौकटीत वाट्टेल ते लिहितात. त्याला चॅट म्हणायचं. "आई, माझं लक्ष खेळात असतं. चॅट तुम्ही सांभाळाल का? कोणी घाण बोललं की हाकलायचं." चौतीस वर्षं सातवी ब सांभाळली मी, हे काय अवघड!

मंगळवार, ४ मार्च

अवघड आहे.

गुरुवार, ६ मार्च

नुसतं हाकलून उपयोग नाही. दुसऱ्या नावाने पुन्हा हजर! शेवटी शाळेचीच पद्धत काढली. आगाऊपणा केला की तोंड बंद. उघडायचं असेल तर 'मी पुन्हा असे बोलणार नाही' दहा वेळा लिहून मला खासगीत पाठवायचं. एकदा लिहून दहादा चिकटवलेलं मला लगेच कळतं — एवढी वर्षं वह्या उगीच नाही तपासल्या.

"आई, लोक पळून जातील हो!" कुठले पळतात! आता मुद्दाम शिक्षा मागायला येतात. परवा सहाशे होते, आज नऊशे.

रविवार, ९ मार्च

सूनबाई नीट जेवली नाही. हा खेळ पगारावर खेळणाऱ्या एका मोठ्या संघात एक जागा रिकामी झाली आहे. या आठवड्यात निवड करणारा माणूस गुपचूप, भलत्याच नावाने येऊन तिचा खेळ बघणार. "एवढं एकदा होऊ दे, आई. मग कोणी म्हणणार नाही, नुसती खेळत बसते म्हणून."

लग्नानंतर वर्षभर तसं कोण म्हणत होतं, हे दोघींनाही ठाऊक आहे. लाज वाटली मला. ताट पुढे सरकवलं.

बुधवार, १२ मार्च

'खडूस_काका' नावाचा एक शहाणा आला. "डावा हात मंद आहे." "दारात फार घुटमळते." माझ्या सुनेला! ताकीद दिली, तरी तेच. मग केलं तोंड बंद! बिचाऱ्याने दहाही ओळी पाठवल्या. सातव्या ओळीत एक शब्द गाळला होता, म्हणून अकरावी लिहायला लावली. तीही लिहिली.

गुरुवार, १३ मार्च

मेले मी! संघातल्या एका मुलीने सूनबाईला कळवलं — खडूस काका म्हणजे तोच, निवड करणारा.

सूनबाई आधी पोट धरून हसली. मग बराच वेळ तोंड धूत राहिली. नळ चालूच. मी गुपचूप काकांना दहा वेळा माफी लिहून पाठवली. एकेक ओळ हाताने टाइप करून.

शनिवार, १५ मार्च

काकांचं उत्तर आलं. तेही मलाच उद्देशून. संघाच्या चॅनेलवर चाळीस हजार लोक असतात, कोणालाच आवरत नाहीत — 'बाई, सोमवारपासून याल का?' सूनबाईबद्दल एकच ओळ. यंदा जमणार नाही.

ती दाराबाहेर उभी आहे. "आई, काही आलं का हो?"