टेरेसवर येणाऱ्यांसाठी बावीस कलमं

६ जानेवारी, सकाळ
बेडरूमच्या भिंतीची ओल कपाटापर्यंत आली. श्यामलाचा खोकला थांबेना. आज ती लेकीकडे, ऋचाकडे, हिंजवडीला गेली. भिंत सुकली की येईन म्हणाली. मला काही फरक पडत नाही. पोहे येतात मला.

सोसायटीचं वॉटरप्रूफिंग सुरू झालंय. बाकी भिंती कॉमन गच्चीवरून होणार. आमच्या बेडरूमची मात्र आमच्याच टेरेसवरून, दोरांचा झुला सोडून. म्हणजे कामगार माझ्या घरातून जाणार. एखादा पडला तर कोर्टात कोण? मी! चौतीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे क्लेम नाकारलेत. मला कोणी शिकवू नये.

संकल्प: हमीपत्राशिवाय उंबऱ्याच्या आत कोणी नाही.

८ जानेवारी
हमीपत्र तयार. बावीस कलमं. पोह्यांचा लगदा झाला. पोहेच जुने होते.

९ जानेवारी, दुपारी ४
कॉन्ट्रॅक्टर शहाबाज शेख आले. कामगारांचा विमा, आधारच्या कॉप्या, सेफ्टी बेल्टची बिलं, सगळं फाइलमध्ये. इतका व्यवस्थित माणूस! मला लगेच संशय आला.

त्यांनी विचारलं, काका, कलम अकरात 'कामगारास चक्कर खाली उतरल्यावरच यावी' असं का लिहिलंय? मी म्हटलं, विचार करून लिहिलंय. त्यांनी मुकाट्याने सही केली. इतक्या पटकन? म्हणजे कलमं कमी पडली. सही रद्द.

११ जानेवारी
आता एकतीस. कबुतरांचं राहून गेलं होतं. शहाबाजनी पुन्हा सही केली. मी म्हटलं, नोटरी हवी. ते म्हणाले, झुला चौदापर्यंतच इथे आहे, मग मार्चपर्यंत वाकडच्या साइटवर. ही सरळसरळ धमकी. घाबरतोय कोण!

श्यामलाचा फोन. काम अंतिम टप्प्यात आहे, असं सांगितलं. खोटं नाही. कागद अंतिम टप्प्यातच आहे.

१४ जानेवारी
नोटरी बंद. संक्रांत. हे मला कोणी आधी सांगायला नको? परत आलो तर झुला टेम्पोत चढत होता. सेक्रेटरी उत्तरेश्वर जिन्यात भेटले. तिळगूळ दिला आणि म्हणाले, अभिनंदन, तुमच्या घरात कोणी आलं नाही. चला, एकाला तरी मुद्दा समजला.

१७ जानेवारी, संध्याकाळ
बिल्डिंग झकास दिसते. आमच्या भिंतीचा पट्टा तेवढा जुना. उलट पत्ता सांगायला सोपं.

श्यामलाने व्हिडिओ कॉल करून भिंत दाखवा म्हटलं. खाली उत्तरेश्वरांकडे जाऊन त्यांची दाखवली. अगदी कोरडी ठणठणीत. ती म्हणाली, छान आहे, पण आपल्या बेडरूममध्ये उत्तरेश्वरांच्या आईवडिलांचा फोटो कधी लावलात?

मग म्हणाली, खोकला थांबलाय. ऋचाने कपाटही रिकामं करून दिलंय. तब्येतीला जपा. फोन ठेवला. परत कधी येणार, हे विचारायचं राहिलं. तिने सांगितलंही नाही.

असो. हमीपत्र शंभर टक्के यशस्वी. माझ्या घरात कोणीही पडलं नाही. पडायला आता मी एकटाच आहे.