तबकडीची दुसरी बाजू

॥ श्री ॥

हिंगणघाट,
दि. १६ जानेवारी १९५५

ती. रुखमाताईस,

सुलोचनाचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. बाबांचा खोकला उतरला आहे. आईने केलेले तिळाचे लाडू बंडूजींच्या हाती पाठवले आहेत, पोचले असतील. अक्षर मुद्दाम मोठे काढते आहे. हे पत्र भाऊजींकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागला तरी जोडत जोडत तूच वाच.

तुझ्या पत्रातल्या गोष्टीकडे येतेच. आधी इकडचे एक नवल सांगते.

सार्वजनिक वाचनालयात दर गुरुवारी दुपारी बायकांना बसू देतात, हे तुला ठाऊक आहे. दिवाळीनंतर हिरालाल शेटजींनी आपला जुना ग्रामोफोन वाचनालयाला देऊन टाकला. त्यांच्या घरी आता रेडिओ आला आहे. सोबत न फुटलेली अशी एकच तबकडी होती. ग्रंथपाल वासुदेवरावांनी पुस्तकाप्रमाणे तिलाही क्रमांक घातला, मग किल्ली दिली आणि सुई टेकवली.

कोणी बाई गात होती. ताई, आजवर आपण जे गाणे ऐकले ते कशासाठी तरी होते: दळणासाठी, आरतीसाठी, हळदीसाठी. हे कशासाठीच नव्हते. ती एकच ओळ उचले, खाली ठेवी, पुन्हा वेगळ्याच बाजूने उचले.

शेजारच्या देवकाबाईंना राहवेना. "काऊन वं सुलोचना, ह्या बाईले पुढचं आठवून नाई राह्यलं का?"

"वाचनालयात बोलू नये, देवकाबाई," वासुदेवराव म्हणाले.

"मंग तिले सांगा न आधी! तीच त बोलून राह्यली."

गाणे मध्येच तुटे. सगळ्यांना वाटे, एवढेच असेल. जुन्या तबकड्यांना एकच बाजू असते असे वासुदेवरावांनी कुठे तरी वाचले होते, आणि हिच्या पाठीवरची कागदी चकती कसरीने खाल्लेली. त्यामुळे उलटून कोणी पाहिलेच नाही. ते अर्धे गाणे घेऊन मी घरभर वावरत असे. वाती वळताना, पाणी भरताना ते मनात सुरू होई आणि तेथेच येऊन अडे.

मागच्या गुरुवारी पुसताना तबकडी उलटी बसली. बाई जेथे थांबली होती, तेथूनच पुढे गाऊ लागली, जलद आणि मोकळी. मला रडू फुटले.

"घरी काई झालं का वं?" देवकाबाईंनी विचारले.

मी मान हलवून नाही म्हटले. पण झाले होते. त्याच सकाळी तुझे पत्र आले होते.

तू भाऊजींच्या हातून लिहवलेस, 'माह्या दिराले, रूपरावले, तू पसंत हाये. वैशाखात तू माही जाऊ होऊन ये. मंग मले समुद्रपुरातच माहेर भेटते.' हे वाक्य आता मला पाठ आहे. तुझ्या लग्नाला दोन वर्षे होत आली, तरी रात्री अंथरूण घालताना मी तुझी जागा सोडतेच. एका चुलीवर तुझ्यासोबत भाकरी थापाव्यात, यापलीकडे मी देवाजवळ काही मागितले नव्हते. रूपराव भले आहेत. त्यांच्यात काही उणे नाही.

नागपूरला मुलींना गायन हा विषय घेऊन पुढे शिकता येते, असे वासुदेवराव म्हणतात. मॅट्रिकला शाळेत पहिली आले, तेवढे गुण पुरतील. राहायला मावशी आहे. मी धीर करून बाबांना विचारले. ते म्हणाले, "रुखमाचं मन मोडून मी हो म्हननार नाई. तिले तूच विचार."

म्हणून विचारते आहे. मला गाता येते की नाही, तेही मला ठाऊक नाही. घरातसुद्धा मी कधी मोठ्याने गुणगुणलेले नाही. तेथे गेल्यावर कदाचित कळेल, की माझ्या गळ्यात काहीच नाही; आणि तोवर तुझ्या घरी दुसरी कोणी जाऊ आलेली असेल. हे सारे समजून लिहिते: मला जाऊ द्यावे असे तू बाबांना कळव.

तू नाही म्हणालीस, तर वैशाखात मी तुझ्या दारी येईन आणि माझ्या मनातले तुला कधी जाणवू देणार नाही. ते मला जमेल, ताई. म्हणूनच आत्ता एकदा सांगून ठेवते: मला यायचे नाही.

रोज तुझी वाट पाहणारी, आणि तरी न येऊ पाहणारी,
तुझीच
सुलोचना